जर्नल पूर्ण, पण फोकस लागत नाही

पत्र: "प्रथम वर्ष बी.एस्सी.ला मी जीवशास्त्राचं प्रॅक्टिकल घेते. २४ जणांची बॅच, आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास. १२ मायक्रोस्कोप, ४ मायक्रोपिपेट, एक कलरिमीटर, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा एक डिजिटल काटा आणि एक लॅब अटेंडंट. सगळ्यांची जर्नल सुबक असतात, स्पॉटिंगला मार्क पडतात, व्हायवात व्याख्या पाठ असतात. पण हीच मुलं दुसऱ्या वर्षाला आली की ४० एक्सला फोकस लागत नाही, आणि '४ टक्के द्रावण १० मिली करा' म्हटलं की एकमेकांकडे बघतात. इंटर्नलचे २० मार्क मला हाताच्या कामावर द्यायचे आहेत. एकटीनं २४ जणांची परीक्षा घ्यायची कशी? पहिल्या बॅचकडून दुसरीला सगळं कळतं, त्याचं काय? जे नापास होतील त्यांचं काय? आणि एक्स्टर्नलसमोर हे टिकेल का?"
— एक प्राध्यापिका, सातारा जिल्हा

मॅडम, नमस्कार.

तुमच्या मुलांचं फारसं चुकत नाहीये. परीक्षेत जे विचारलं जातं ते त्यांनी उत्तम आत्मसात केलंय. जर्नलला सुबक अक्षर लागतं, स्पॉटिंगला आकृती लक्षात ठेवावी लागते, व्हायवाला व्याख्या. या तिन्हींत मायक्रोस्कोपच्या फाइन नॉबला, म्हणजे बारीक फोकसच्या चाकाला, हात लावावा लागत नाही. त्यात चौघांच्या गटात एकजण प्रयोग करतो, एक वेळ बघतो, दोघं उतरवून घेतात. आणि जो करतो तो बहुधा वर्षभर तोच असतो. त्यामुळे परीक्षा बदलायचा तुमचा विचार योग्यच आहे.

एकटीनं २४ जणांची परीक्षा घ्यायची असेल, तर प्रत्येकाच्या खांद्यावरून बघत उभं राहणं जमणार नाही. म्हणून काम असं निवडा की चूक झाली तर ती केलेल्या कामात उरली पाहिजे: आकड्यात, पातळीत, आलेखाच्या रेषेत. मग तुम्ही तिथे नसलात तरी नंतर येऊन ती तुम्हाला वाचता येते. वैद्यकीय महाविद्यालयांत अशा परीक्षेची जुनी घडी बसलेली आहे. रोनाल्ड हार्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीहून मांडलेली ऑस्की, आणि तिच्यातून पुढे प्रयोगशाळेसाठी आलेली ऑस्पी: ठरावीक मिनिटांची टेबलं, घंटा वाजली की पुढच्या टेबलावर. ती जशीच्या तशी उचलू नका. तिच्यात काही टेबलांवर एकेक निरीक्षक बसवावा लागतो आणि तेवढी माणसं तुमच्याकडे नाहीत. निरीक्षक न लागणारी टेबलं तेवढी घ्या.

कौशल्यं चारच ठेवा, प्रत्येकी ५ मार्क: मायक्रोस्कोप, मायक्रोपिपेट, द्रावण-विरलन, आणि नोंद व आलेख. दहा कौशल्यांची यादी कागदावर भरीव दिसते, पण तेवढ्यांचा सराव एका सत्रात होत नाही. सराव न देता घेतलेली परीक्षा म्हणजे अन्यायच. ज्या कामाला प्रत्येक मुलाचा हात किमान दोनदा लागलेला नाही, त्याची परीक्षा घ्यायची नाही, हा नियम स्वतःपुरता पक्का करा.

मायक्रोस्कोप

परीक्षेआधी अटेंडंटकडून प्रत्येक मायक्रोस्कोप मुद्दाम बिघडवून घ्या, आणि सगळे एकसारखे: स्टेज पूर्ण खाली, ४ एक्स समोर, कंडेन्सर खाली, डायफ्रॅम जवळजवळ बंद, दिवा मंद. नाहीतर आधीच्या मुलानं लावलेला फोकस पुढच्याला आयता मिळतो. काम एका ओळीचं: र्‍हिओच्या पानाच्या खालच्या बाजूची जांभळी साल काढा, पाण्यात माउंट करा, आणि एक जांभळी पेशी ४० एक्सला पॉइंटरच्या टोकावर आणा. वेळ १५ मिनिटं.

"दिसतंय का?" असं विचारू नका. उत्तर नेहमी "हो मॅडम" असंच येतं. त्यासाठीच पॉइंटर हवा. आयपीसमध्ये तो नसेल तर वरची लेन्स फिरवून काढा. आत जी गोल कडी दिसते तिच्यावर एक केस नेलपॉलिशच्या थेंबानं चिकटवा, टोक मध्यावर येईल असं. केस अंधुक दिसला तर तो कडीच्या पातळीत बसलेला नाही. काढून पुन्हा लावा.

आता परीक्षा. मुलानं हात वर केला की तुम्ही जा आणि डोळा लावा. पॉइंटरच्या टोकाशी पेशीच आहे का, की हवेचा बुडबुडा? बुडबुडा अगदी गोल असतो आणि त्याची कड जाड काळी दिसते. पेशीभित्ती स्पष्ट आहे का, उजेड पुरेसा आहे का, बघा. मग एवढंच सांगा: "माझ्यासमोर १० एक्सला जा, आणि परत ४० एक्सला या." या अर्ध्या मिनिटात सगळं कळतं. ज्याला येतं तो नोजपीस फिरवतो, फाइन नॉब थोडासा हलवतो, चित्र येतं. ज्याला येत नाही त्याचा हात ४० एक्सवर असताना कोर्स, म्हणजे ढोबळ फोकसच्या, नॉबकडे जातो. कव्हरस्लिपा फुटतात त्या याच वेळी, कारण ४० एक्सची लेन्स फोकसमध्ये असताना कव्हरस्लिपपासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर असते. सरतेशेवटी बघायचं ते म्हणजे ठेवणी: ४ एक्स समोर, स्लाइड काढलेली, दिवा बंद.

५ मार्कांची वाटणी अशी: पेशी पॉइंटरवर आणि स्पष्ट २, तुमच्यासमोरची फेरी कोर्स नॉबला हात न लावता २, उजेड आणि ठेवणी मिळून १. मधले अर्धे-पाव मार्क ठेवू नका. ते आले की मार्क चेहरा बघून दिले जातात.

काय बिघडतं ते आधी माहीत असलेलं बरं. एखादा मुलगा म्हणेल, १० एक्सला छान दिसतं, ४० एक्सला काही केल्या येत नाही. त्यानं स्लाइड उलटी ठेवलेली असू शकते, कव्हरस्लिप खाली. काच साधारण १ मिमी जाड असते. १० एक्सला तेवढं अंतर चालतं, ४० एक्सला लेन्स तिथवर पोचतच नाही. ही चूक त्याची. पण स्लाइड हलवली तरी सगळीकडे सारखंच धुकट दिसत असेल, तर ४० एक्सच्या लेन्सवर वाळलेलं तेल किंवा डीपीएक्स (कायमच्या स्लाइडवर कव्हरस्लिप चिकटवायचं द्रव्य) आहे, आणि ती चूक त्याची नव्हे. पावसाळ्यानंतर आपल्याकडे लेन्सवर बुरशीचे धागेही येतात. म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी बाराही मायक्रोस्कोपांवर एकच चांगली स्लाइड लावून तुम्ही स्वतः ४० एक्सला बघा. जे नीट दाखवत नाहीत ते परीक्षेतून बाजूला काढा, मग आठच उरले तरी चालेल.

आणखी एक अडथळा उपकरणात नसतो, तो भीतीत असतो. स्लाइड फुटली की ब्रेकेज फी लागते हे मुलांना ठाऊक असतं. ज्याच्या घरी त्या पैशांचा हिशोब द्यावा लागतो तो मायक्रोस्कोपपासून दोन पावलं लांबच उभा राहतो आणि "तू लाव, मी आकृती काढतो" म्हणतो. विभागात ठरवून टाका: कव्हरस्लिप आणि साध्या स्लाइडची भरपाई नाही. पहिल्याच प्रॅक्टिकलला हे वर्गात मोठ्यानं सांगा. कव्हरस्लिपची एक डबी गेली तरी चालेल, मुलांच्या हाताची भीती गेली पाहिजे.

मापनही घ्यायचं असेल तर ऑक्युलर मायक्रोमीटर सगळ्यांना पुरणार नाही, पण दृष्टिक्षेत्राचा व्यास वापरता येतो. आयपीसवर फील्ड नंबर १८ असेल तर १० एक्सच्या ऑब्जेक्टिव्हला व्यास १८ भागिले १०, म्हणजे १.८ मिमी, आणि ४० एक्सला ०.४५ मिमी. कांद्याच्या सालीत १० एक्सला लांबीच्या दिशेनं सहा पेशी मावल्या तर एक पेशी सुमारे ३०० मायक्रोमीटर. नेहमीची चूक अशी की पेशी मोजायची ४० एक्सला आणि व्यास धरायचा १० एक्सचा. मग उत्तर चौपट येतं. कांद्याची पेशी १२०० मायक्रोमीटर आली की समजा, मुलानं हेच केलंय. हे सरावात घ्या, मार्कांत पहिल्या वर्षी नको.

मायक्रोपिपेट

२० ते २०० मायक्रोलिटरचं पिपेट, डिस्टिल्ड पाणी, काट्यावर एक छोटं बीकर, काटा शून्यावर. मुलानं २०० मायक्रोलिटर पाच वेळा टाकायचे आणि दर वेळी काट्यावरचा आकडा पेननं लिहायचा: ०.२०, ०.४०, असं १.०० ग्रॅमपर्यंत. आपल्या खोलीच्या तापमानाला १ मिली पाण्याचं वजन १ ग्रॅमपेक्षा अगदी किंचित कमी भरतं, तेव्हा शेवटचा आकडा ०.९७ ते १.०२ मध्ये हवा. तुमच्या काट्याला हजार मायक्रोलिटरमधला एक टक्का कसाबसा दिसतो, म्हणून एकाच थेंबावर निकाल लावू नका. पाचांची बेरीज घ्या. आणि काट्यावरचा पंखा बंद ठेवा. पंख्याच्या वाऱ्यानं आकडा नाचतो आणि मुलं त्यातला सोयीचा आकडा टिपतात.

लागोपाठच्या आकड्यांतला फरक काढून प्रत्येक वेळी किती टाकलं ते बघितलं की हाताची सवय कळते. प्रत्येक वेळी सारखंच जास्त येतंय, तर तो पाणी घेताना बटण दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबतो. दुसरा टप्पा आहे तो सोडताना उरलेला थेंब बाहेर ढकलायला. घेताना पहिल्या टप्प्यावरच थांबायचं. पहिल्याच वेळी कमी आणि पुढे बरोबर, तर टिप आधी एकदा पाणी घेऊन-सोडून ओली केलेली नसावी. कधी कमी कधी जास्त, तर अंगठा एकदम सोडतोय किंवा टिप पाण्याच्या वर येऊन हवा ओढतेय. सगळेच कमी, तर टिप सैल बसलीय. वहीत त्याच्या आकड्यांशेजारी हे निदान एका ओळीत लिहा. दुसऱ्या प्रयत्नाआधी त्याला तेवढंच पुरतं.

चारही पिपेट आधी तुम्ही स्वतः याच पद्धतीनं तपासा, त्यांवर अ, ब, क, ड अशी चिठ्ठी लावा, आणि तुमच्या हातून आलेला आकडा टेबलाशेजारी लिहून ठेवा. एखादं पिपेट तुमच्या हातीही ०.९४ देत असेल तर ते परीक्षेला वापरायचं नाही. मुलांना एक ताकीद मात्र आधीच द्या: आकडा २०० च्या पुढे फिरवायचा नाही. मर्यादेबाहेर ओढून फिरवलेलं पिपेट नंतर चुकीचंच मोजतं.

प्रत्येकाला तीन-चार मिनिटं लागतात. काटा एकच आहे, त्यामुळे वेळापत्रक त्याच्याभोवतीच बांधावं लागेल. त्याचं पुढे सांगतो.

द्रावण आणि विरलन

दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक प्रयोगात हे लागतं आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

आधी द्रावण. परीक्षेत ०.९ टक्के मिठाचं द्रावण करायला देण्याची पद्धत आहे, पण चूक ओळखायला ते निरुपयोगी आहे. ५० मिलीला ०.४५ ग्रॅम मीठ लागतं. मुलानं ते ५० मिली पाण्यात टाकलं काय किंवा विरघळवून ५० मिलीपर्यंत पाणी भरलं काय, डोळ्याला फरक दिसत नाही. त्याऐवजी २० टक्के साखर, ५० मिली द्या. १० ग्रॅम साखर, साधी दुकानातली. बरोबर पद्धत अशी: साखर सुमारे ३० मिली पाण्यात पूर्ण विरघळवायची, मोजपात्रात ओतायची, बीकर दोनदा थोड्या पाण्यानं विसळून तेही ओतायचं, आणि मग ५० च्या रेषेपर्यंत भरायचं. ज्यानं आधी ५० मिली पाणी मोजलं आणि त्यात साखर टाकली, त्याची पातळी ५६ च्या आसपास जाते, कारण १० ग्रॅम साखरच ६ मिलीहून जास्त जागा घेते. दहा पावलांवरून दिसतं. आणि हे द्रावण वाया जात नाही: पुढच्या प्रॅक्टिकलला र्‍हिओच्या सालीवर टाकलं की काही मिनिटांत प्लाझ्मोलिसिस (पाणी बाहेर गेल्यानं पेशीतला भाग आकसून भित्तीपासून सुटणं) दिसतो. ज्याचं त्यानं स्वतःचंच द्रावण वापरायचं.

मोजपात्र भरताना डोळा रेषेच्या पातळीत हवा आणि पाण्याच्या वक्राचा तळ रेषेवर हवा. हे सांगून झालेलं असतं, तरी मुलं उभ्यानं, वरून बघतात. स्टुलं काढून घ्या आणि त्यांना वाकायला लावा.

आता विरलन. पहिल्यांदा कागदावर: "तुमच्याकडे २० टक्के द्रावण आहे, ८ टक्क्यांचं १० मिली हवं. किती द्रावण, किती पाणी?" उत्तर ४ मिली आणि ६ मिली. हे गणित बरोबर आल्याशिवाय काचेला हात नाही. पोरं सूत्र बरोबर लावतात, ४ काढतात, आणि मग १० मिली पाणी घालतात. "१० मिली हवं" याचा अर्थ एकूण १० हा मुद्दाच निसटतो.

कागदावर जमलेलं हातात जमतं का, ते रंगानं बघा. पोटॅशियम परमँगनेट ०.६० ग्रॅम घेऊन १०० मिली करा, आणि त्यातलं १ मिली पुन्हा १०० मिली करा. हे झालं मुलांचं मूळ द्रावण. हिरव्या फिल्टरला, ५२० किंवा ५४० नॅनोमीटर, ते साधारण ०.८ ते ०.९ शोषण (द्रावण किती प्रकाश अडवतं त्याचा आकडा) दाखवतं. तुमच्या कलरिमीटरवर आधी बघून तुमचा आकडा ठरवा. समजा ०.९० आलं. चिठ्ठीवर लिहा: "४ मिलीचे १० मिली करा." बरोबर केलं तर ०.३६ येतं. ४ मिलीत १० मिली पाणी घातलं तर ०.२६ च्या आसपास. फरक ढळढळीत आहे. इथे दहापट विरलन देण्याचा मोह होतो, कारण पुस्तकात तेच असतं. देऊ नका: १ मिलीत ९ घातले तर ०.०९, १० घातले तर ०.०८. कलरिमीटरवर हा फरक ओळखता येत नाही, म्हणजे चुकणारा मुलगाही पास होतो.

वेगवेगळ्या चिठ्ठ्या करा: ४ चे १०, ३ चे १०, ५ चे १०, ९ चे १५. शेजाऱ्याचं बघून उतरवलं तर आकडाच जुळणार नाही. बरोबर आकड्यापासून दहा टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे चालू द्या.

परमँगनेट परीक्षेच्या दिवशीच, स्वच्छ काचेत, डिस्टिल्ड पाण्यात करा. भांड्यात सेंद्रिय काही चिकटलेलं असलं की ते तपकिरी पडतं आणि मग कोणाचाच आकडा जुळत नाही. दर अर्ध्या तासानं मूळ द्रावणाचं शोषण स्वतः तपासा; घसरलं असेल तर अपेक्षित आकडेही त्या प्रमाणात बदला. क्युव्हेटच्या (कलरिमीटरमध्ये ठेवायच्या छोट्या पारदर्शक नळीच्या) चुका ठरलेल्या: ब्लँक, म्हणजे नुसतं पाणी लावून आधी शून्य न करणं, स्वच्छ बाजूला बोट लावणं, बाहेरचा थेंब न पुसणं, आत बुडबुडा. आकडा फार विचित्र आला तर क्युव्हेट पुसून पुन्हा एकदा घेऊ द्या. तो मुलाच्या विरलनाचा दोष नसतो. हातमोजे द्या, डाग बोटांवर राहतात.

नोंद आणि आलेख

याला उपकरण लागत नाही, म्हणून अर्धी बॅच उपकरणांवर असताना उरलेली अर्धी हे करते. तक्ता असा द्या: बटाट्याच्या तुकड्यांच्या वजनात झालेला बदल, साखरेच्या ०, २, ५, १० आणि २० टक्के द्रावणांत, अनुक्रमे +१२, +९, +४, −३ आणि −१३ टक्के. प्रश्न: कोणत्या तीव्रतेला वजन बदलणार नाही? उत्तर ८ च्या जवळ. तीव्रता समान अंतरावर नाहीत हे मुद्दाम. जो मुलगा आडव्या अक्षावर ०, २, ५, १०, २० हे सारख्या अंतरानं मांडतो, त्याची चूक कागदावर लगेच दिसते. एका तुकड्याचं आधीचं आणि नंतरचं वजन देऊन टक्केवारी काढायलाही सांगा; नंतरच्या वजनानं भागणारे हमखास निघतात. बिंदूला बिंदू जोडून दातेरी रेघ काढली, अक्षावर एककं नाहीत, पेन्सिलीनं आकडे लिहून खोडले, या प्रत्येकाचा एक मार्क जाईल हे आधीच सांगून ठेवा.

वेळ कसा बसवायचा

एका प्रॅक्टिकलला १२ जण उपकरणांवर, १२ जण आलेखावर. उपकरणांवरच्या १२ पैकी सहाजण मायक्रोस्कोपवर, सहाजण पिपेट-काट्यावर, २५ मिनिटांनी अदलाबदल. एका काट्यावर सहाजण २५ मिनिटांत होतात. मग दोन्ही गट बदला. हिशोबानं पूर्ण बॅच दोन तासांत बसते, पण पहिल्या वर्षी एवढं दाबून बसवू नका, दोन प्रॅक्टिकलवर पसरा. द्रावण-विरलनाला वेगळं प्रॅक्टिकल हवंच. दोन क्रेडिटच्या प्रॅक्टिकलला सत्रात ६० तास मिळतात, म्हणजे तुमची ३० प्रॅक्टिकल्स. त्यातली चार-पाच परीक्षेला गेली तर अभ्यासक्रम मागे पडत नाही, शिवाय र्‍हिओ आणि बटाट्याचा भाग तसाही अभ्यासक्रमातलाच असतो. सहाव्या आठवड्याच्या आधी सुरू करू नका. शेवटचे दोन आठवडे दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नांसाठी मोकळे ठेवा.

अटेंडंटना तयारीत घ्या, मार्कांत नको. मायक्रोस्कोप पुन्हा बिघडवणं, काटा शून्यावर आणणं, टिपा भरणं हे त्यांच्याकडे. मुलांनी एकमेकांना मार्क देण्याची सूचना तुम्हाला कोणी करेल. सरावात एकमेकांचं बघून चूक सांगू दे, त्यानं फायदाच होतो. मार्क मात्र मित्राच्या हातात देऊ नका. मैत्री आणि मार्क दोन्ही बिघडतात.

सूचनेची चिठ्ठी मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही छापा. बारावीपर्यंत मराठी माध्यमात किंवा खेड्यातल्या ज्युनियर कॉलेजात शिकलेली मुलगी "मेक अप द व्हॉल्यूम" या शब्दांवर अडली, तर तुम्ही तिचं इंग्रजी तपासलंत, विरलन नव्हे. एखाद्या मुलाला लाल-हिरवा फरक कळत नसेल तर रंगावर अवलंबून असलेला प्रश्न त्याला बदलून द्या. कलरिमीटर आकडा देतो, तिथे काही अडत नाही. चष्मेवाल्यांना सांगा की नुसता लांबचा किंवा जवळचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस लावता येतो.

हिमोसायटोमीटर (पेशी मोजायची चौकटी आखलेली काच) अभ्यासक्रमात असेल तर शिकवा, पण या २० मार्कांत धरू नका. २०० पेशी मोजल्या की नुसत्या योगायोगानं १४-१५ चा फरक पडतो. दोन प्रामाणिक मुलांचे आकडे ४० नं वेगळे येऊ शकतात. तिथे चूक हाताची की नशिबाची, हे आकड्यावरून सांगता येत नाही.

आता तुमचे शेवटचे तीन प्रश्न. पहिली बॅच दुसरीला सांगेल, जरूर सांगू दे. पेशी ४० एक्सला पॉइंटरवर आणायची आहे हे आठ दिवस आधी कळलं तर मुलगी त्या आठ दिवसांत लॅबमध्ये येऊन सराव करेल, आणि तुम्हाला तेच हवंय. चारही कामं आणि मार्कांची वाटणी सत्राच्या सुरुवातीलाच लॅबच्या भिंतीवर लावा. चिठ्ठीतले आकडे तेवढे बदलते ठेवा.

नापास झालेल्याला "नापास" लिहू नका, "अजून बाकी" लिहा, निदानाच्या ओळीसह, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलवा. दुसऱ्या प्रयत्नात जमलं तर पूर्ण ५ मार्क. इथे काही सहकारी हरकत घेतील, की पहिल्यांदा करणाऱ्यावर अन्याय होतो. त्याचे मार्क कोणी काढून घेत नाही. आणि दुसऱ्या वर्षाच्या शिक्षकाला मुलाला फोकस लागतो की नाही एवढ्याशीच काम असतं, तो कितव्या खेपेला जमला याच्याशी नाही. तिसऱ्या प्रयत्नाला ३ मार्क ठेवा, म्हणजे कोणी सराव टाळणार नाही. तिसऱ्यालाही न जमलेल्याबरोबर वीस मिनिटं एकट्यानं बसा. बहुतेक वेळा अडचण एकाच जागी असते: चष्मा, डावा हात, भीती, किंवा गटात कधी नॉबला हातच लागलेला नाही.

एक्स्टर्नलचं असं: सत्रान्त परीक्षेचा साचा विद्यापीठाचा, त्याला हात लावू नका. इंटर्नलच्या वाटणीबद्दल विद्यापीठाचं परिपत्रक काय म्हणतं ते आधी वाचा. सत्र सुरू होण्यापूर्वी विभागाच्या सभेत ही चार कामं, मार्क आणि प्रयत्नांचा नियम मांडून इतिवृत्तात नोंदवून घ्या. महाविद्यालय स्वायत्त असेल तर अभ्यास मंडळाकडून मंजूर करून घ्या. प्रत्येक मुलाचा एक कागद ठेवा: काट्याचे पाच आकडे त्याच्याच अक्षरात, चिठ्ठीचा क्रमांक आणि कलरिमीटरचा आकडा, आलेख, मायक्रोस्कोपच्या तीन खुणा, तारीख, दोघांच्या सह्या. कोणीही मार्कांबद्दल विचारलं तर हा कागद पुढे करा. जर्नल चालू ठेवा, पण हा कागद त्यातच लावा आणि प्रयोगाची कच्ची नोंद त्याच दिवशी लॅबमध्ये तुमच्या सहीनं बंद करा. घरी जाऊन सुवाच्य अक्षरात उतरवलेली नोंद ग्राह्य धरू नका.

यंदा सत्र सुरू झालेलं असेल तर चारही एकदम नकोत. मायक्रोस्कोप आणि विरलन घ्या, प्रत्येकी १० मार्क, मायक्रोस्कोपची वाटणी वरचीच दुप्पट करून. आणि नेलपॉलिश व केसाचं काम या आठवड्यातच उरकून टाका, बारा आयपीसना एक दुपार पुरते.